मुखपृष्ठाचे मास्तर

मास्तरांचा राग यायला मला आजही फारसं निमित्त लागत नाही. रस्त्यात कुणी मांजरपाटाचा सदरा घातलेला दिसला तरी पुरतो. ते माझ्याशी जसे वागले त्याचा राग आहेच, पण मी त्यांच्याशी जशी वागले त्याचाही राग शेवटी त्यांच्यावरच निघतो. हे बरोबर नाही, मला कळतं. कळून राग जात नसतो.

शाहूपुरीत एका टायरच्या दुकानावर आमच्या मासिकाचं ऑफिस होतं. बायकांसाठीचं जुनं मासिक. एके काळी जिल्ह्यात घरोघरी जायचं. मी रुजू झाले तेव्हा वर्गणीदार गळत चालले होते आणि अंक जाडीला रोडावला होता. मी पुण्याहून डिझाइनचा डिप्लोमा करून परत आले होते. आईला मी जवळ हवी होते आणि साहेबांना, म्हणजे आमच्या मालक-संपादकांना, आतल्या पानांपासून मुखपृष्ठापर्यंत सगळं एकटीनं करणारं कुणीतरी हवं होतं. मुलाखतीत साहेब म्हणाले, सगळं तुमच्या हातात, फक्त मुखपृष्ठाचे रंग मास्तर ठरवतात. मला वाटलं, असतील कुणी निवृत्त ड्रॉइंग मास्तर.

चार दिवसांनी एक काटकुळा म्हातारा जिना चढून आला. अंगात बिनरंगी मांजरपाटाचा सदरा, तसलाच पायजमा, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. माझ्या स्क्रीनवर त्या महिन्याचं मुखपृष्ठ होतं. मी नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही. स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, "त्यो दिवा बंद करा आदी."

दिवा म्हणजे कॉम्प्युटर. दिव्यात सगळंच बरं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. रंग बघायचा तर कागदावर, तोही सकाळी अकराच्या उन्हात. मी पुण्यात तीन वर्षं जे शिकून आले होते ते त्यांच्या लेखी दिव्याखाली बसून केलेला टाइमपास होता. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव डिप्लोमा ठेवलं. ओ डिप्लोमा, हिकडं या. ए डिप्लोमा, ह्यो काय रंग हाय का उलटी. ऑफिसात टायपिंगच्या बाई होत्या, त्यासुद्धा महिनाभरात मला डिप्लोमा म्हणायला लागल्या.

ते मास्तर होते, पण शाळेतले नव्हेत. कबनूरला एका कापड रंगवायच्या कारखान्यात तीस वर्षं डाइंग मास्तर होते. व्यापारी बोटभर कापडाचा तुकडा घेऊन यायचा आणि याच रंगाचा अख्खा लॉट पाहिजे म्हणायचा. मास्तर तो तुकडा उन्हात धरायचे आणि कुठला रंग किती टाकायचा ते सांगायचे. कारखान्यात मशीन आलं, मशीनशी त्यांचं भांडण झालं, आणि ते घरी बसले. आमच्याकडे ते आले त्याची गोष्ट साहेब रंगवून सांगायचे. साहेबांचे वडील हयात होते तेव्हाची. ते स्टँडवरच्या पेपरच्या टपरीशी उभे होते. शेजारी एक अनोळखी माणूस टपरीवाल्याला सांगत होता, ह्यो अंक शेजारच्या अंकात बुडालाय, ह्याला वर टांगलास तरी कुणाला दिसायचा न्हाई. अंक आमचा होता. थोरल्या साहेबांनी त्या माणसाला तिथून थेट ऑफिसात आणलं. तेव्हापासून प्रत्येक मुखपृष्ठाच्या आत छापलेलं असायचं, 'रंगसंगती', आणि पुढे मास्तरांचं नाव.

पोत्याच्या पिशवीत चिंध्या होत्या. शेकडो. साड्यांच्या काठांचे, लुंग्यांचे, अस्तरांचे, परकरांचे तुकडे, बोटाएवढे कापून दोऱ्यात ओवलेले. हाच त्यांचा रंगांचा तक्ता. अंकाचा विषय ऐकायचे, फोटो बघायचे, मग चिंध्या चाळत बसायचे. तासाभरानं तीन चिंध्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, ह्यो अंक असा. तीनच. चौथा रंग आला की घरात भांडण, असं म्हणायचे. मी एकदा विचारलं, हा रंग आणि तो रंग एकमेकांना कसे चालतात, काही नियम आहे का. ते म्हणाले, "शेजारी बसवून बघायचं. एकानं दुसऱ्याचं तोंड उतरवलं तर उठवायचं."

रंगांना त्यांनी ठेवलेली नावं जगात दुसरीकडे कुठं चालली नसती. एसटीचा तांबडा, पावसाळी पंचगंगेचा, आजारी पिवळा, गुऱ्हाळाचा पिवळा, पाहुण्यांच्या चहाचा. मी ती नावं वहीत उतरवून घेतली होती आणि पुढे त्यांचे आकडे शोधून काढले होते, कारण छापखान्याला पाहुण्यांच्या चहाचा म्हणून कळवता येत नाही. ती वही बघून ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "वाचून रंग दिसतोय व्हय तुला?"

आता चादरीचं सांगते. कारण पुढचं सगळं त्या चादरीतून आलं.

प्रूफ बघायच्या दिवशी ते कुणाला रंगीत कपडे घालू द्यायचे नाहीत. कपड्याचा रंग कागदावर सांडतो म्हणायचे. मला हे माहीत होतं, पण त्या दिवशी मैत्रिणीचा साखरपुडा होता आणि मी गुलाबी ड्रेस घालून आले होते. ऑफिसात दोन जाहिरातदार बसले होते. मास्तरांनी प्रूफ खिडकीशी धरलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून मांजरपाटाची चादर काढली आणि माझ्या अंगावर टाकली. म्हणाले, हे पांघरून बसा, न्हाईतर जिन्यात जावा. न्हाव्याच्या खुर्चीत बसवल्यासारखी मी गळ्यापर्यंत चादर गुंडाळून अर्धा तास बसले. जाहिरातदार आधी गोंधळले, मग हसले. एकानं मोबाइल काढून फोटो घेतला. मास्तरांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना फक्त कागद दिसत होता.

मी त्या रात्री जेवले नाही. आई म्हणाली, म्हातारं माणूस आहे, सोडून दे. मी सोडलं नाही. त्यांच्या वयाचा आदर ठेवायचा आणि माझ्या वयाचा कुणीच ठेवायचा नाही, हा कसला हिशोब, असं मला वाटायचं, अजून वाटतं.

आणि तरी, हेही खरं की ते बरोबर असायचे. दर वेळी. प्रूफ घेऊन ते मला स्टँडवर न्यायचे, टपरीवर ते इतर अंकांच्या मध्ये टांगायला लावायचे आणि पंधरा पावलं मागं जाऊन उभे राहायचे. गाड्या लागायच्या, माणसं धावायची, धक्के मारून जायची, शिव्या द्यायची. मास्तर हलायचे नाहीत. आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून बघायचे तेव्हा वीस-पंचवीस अंकांतून आमचाच आधी दिसायचा. याचाही मला राग यायचा. निदान एकदा तरी हा माणूस चुकावा, असं मी मनातून घोकायचे.

अडीच-तीन वर्षांनी एक गोष्ट घडली. मी एक मुखपृष्ठ त्यांना न विचारता करून ठेवलं होतं. त्यांनी चिंध्या काढल्याच नाहीत. कागद उन्हात धरला, कुणी केलं विचारलं, मी केलं म्हटल्यावर तो हळूच टेबलावर ठेवला आणि चहाला गेले. त्या महिन्यात आम्ही स्टँडवर गेलो नाही. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, डिप्लोमानं बघितलंय न्हवं. एवढंच. त्यांच्या तोंडून मला मिळालेलं सगळं कौतुक ते एवढंच, आणि तेही दुसऱ्याला सांगितलेलं.

मग तो दिवाळी अंक आला.

त्या साली शिरोळ भागात महापूर आला होता. जयसिंगपूरला वीज कंपनीत एक ताई लाइनवर काम करायच्या, खांबावर चढायच्या. पुराच्या दिवसांत होडीतून खांबापर्यंत जाऊन त्यांनी गावांची लाइट सुरू केली होती. त्यांच्यावर मुख्य लेख होता आणि मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो. फोटो सुरेख होता. खांबावर कमरपट्टा अडकवून मागं झुकलेल्या, खाली सगळं पाणी, चेहरा सरळ आपल्याकडे.

मास्तरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, बाई बघायला पायजे. फोटोत उजेड कुणाचा हाय काय म्हाईत. मला घेऊन ते एसटीनं जयसिंगपूरला गेले. ताई नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या. दारात त्यांच्या सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मास्तरांनी ना पाणी घेतलं ना ओळख सांगितली. ताईंना उन्हात बसायला सांगितलं आणि पिशवीतून चिंध्यांचा जुडगा काढून एकेक चिंधी त्यांच्या हातावर लावून बघायला लागले. मला जमीन फाटून आत जावंसं झालं. परक्या बाईचा हात, कातडीचा रंग, आणि हा माणूस साडीला फॉल जुळवायला आल्यासारखा. सासूबाई म्हणाल्या, "काय पावणं, चोळीचं कापड काढाय आलायसा व्हय?"

ताई मात्र हसत होत्या. ऊन सरकलं तशा स्वतःच पाट सरकवून उन्हात बसल्या. म्हणाल्या, "बगू द्या की. ल्हानपणापासनं नुसतं काळी म्हणत्यात मला. कुठली काळी ते कोण बघितलंय आजपातूर."

मास्तर मान वर न करता म्हणाले, "काळी न्हाईच तुम्ही. चिंचोक्याचा रंग हाय ह्यो. घासला की आतनं तांबडा निघतोय."

त्या हात तसाच पुढे धरून बसल्या. सासूबाईंनी शेंगा निवडायचं थांबवून सुनेच्या हाताकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या.

परत येताना मास्तरांनी एसटीतच अंक ठरवला. चिंचोक्याचा हाच मुख्य रंग. मागं पुराच्या पाण्याचा मातट. आणि मासिकाचं नाव पिवळं, पण दिवाळीचं पिवळं नव्हे, खांबावरच्या धोक्याच्या पाटीचं पिवळं. मी तसं केलं. सांगायला हवं की आजवर मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. प्रूफ आलं, मास्तरांनी ते अकराच्या उन्हात धरलं, चिंधी काढून ताईंच्या फोटोतल्या हाताशी लावली, आणि मागच्या बाजूला सही केली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. मास्तरांच्या अगदी उलट. मला 'बसा' म्हणायचे, पाणी सांगायचे, माझं मत विचारायचे. म्हणून मी त्यांना चांगला माणूस समजत होते. ते म्हणाले, अंक उत्तम झालाय. पण दिवाळी आहे. लोक घरात आणतात, देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. मागच्या पानावर सराफांची जाहिरात आहे, त्यांचाही फोन आला होता. बाई जरा प्रसन्न दिसायला हव्यात. मास्तरांचं मन मोडायचं नाही, त्यांची सही झालीच आहे. छापायला पाठवण्याआधी तुम्ही थोडं बघा.

थोडं बघा म्हणजे काय ते मला कळलं होतं. न कळल्याचं नाटक मी तेव्हाही केलं नाही, आज तर नाहीच. मी जागेवर येऊन बसले. ताईंचा चेहरा निवडला, हात निवडले, उजळ केले. चेहऱ्यावरची उन्हानं पडलेली रेघ पुसली, नाकाशेजारचा व्रण पुसला. मागचा मातट रंग थोडासा सोनेरीकडे झुकवला. दहा-बारा मिनिटं लागली. नोकरी जाईल अशी भीती होती का, तर थोडी होती. पण हात जे सरसर चालले ते भीतीनं नव्हे. ते चादरीनं. एकदा तरी या माणसाचं म्हणणं मोडून निघावं आणि त्याला पत्ता लागू नये, असं मला हवं होतं. या कामात जिचा चेहरा मी हाताळत होते त्या बाईचा विचार मी केलाच नाही. तिनं उन्हात धरलेला हात मी बघितला होता, तरी नाही.

प्रकाशन एका हॉलमध्ये सकाळी झालं. ताई स्टेजवर होत्या, सासूबाई पहिल्या रांगेत. साहेबांनी रिबीन सोडली, अंक वाटले गेले. सासूबाईंनी अंक हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला विचारलं, "ही कोण हाय?"

लोक हसले. मग ताईंना बोलायला सांगितलं. त्या माइकशी आल्या, अंकाकडे बघून म्हणाल्या, "आत माझ्यावर चांगलं लिवलंय. त्याबद्दल आभारी हाय. वरची बाई मला म्हाईत न्हाई." आणि जागेवर जाऊन बसल्या.

साहेब उठले. हसतमुखानं म्हणाले की मुखपृष्ठाचे रंग आमचे जुने मास्तर बघतात, थोरल्या साहेबांच्या वेळेपासूनचे. आता वय झालंय, नजर पूर्वीची राहिली नाही. त्यांच्या नजरचुकीनं असं झालं असावं, ताईंनी मोठ्या मनानं समजून घ्यावं. टाळ्या पडल्या. कशासाठी पडल्या हे टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

मास्तर कडेच्या खिडकीशी उभे होते. अंक उन्हात धरला होता. त्यांनी तळव्यानं फोटोतला चेहरा झाकला आणि हातांकडे पाहिलं. मग हात झाकले आणि चेहऱ्याकडे पाहिलं. दोनदा तसं केलं. मग माझ्याकडे आले. मी तयार होते. ओरडतील, सगळ्यांसमोर अंक फाडतील, आणि मग मी साहेबांचं नाव घेईन, असं मी ठरवलं होतं. ते ओरडले असते तर मी खरं सांगितलं असतं. आजही मला तसं वाटतं.

ते हळू आवाजात म्हणाले, "मी सही केली त्यात बाई अशीच हुती?"

मी म्हणाले, "हो."

"मी चिंधी लावून बघितली हुती गं."

"त्या दिवशी ढग होते, मास्तर."

ढग नव्हते. स्वच्छ ऊन होतं. त्यांना नेमकं कुठं पकडलं की ते गप्प होतील हे मला माहीत होतं, कारण तीन वर्षं त्यांनीच मला शिकवलं होतं. ते 'बरं' म्हणाले आणि अंक पिशवीत घालून गेले.

सही केलेलं प्रूफ साहेबांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून मागून घेतलं. ते मला पुन्हा दिसलं नाही. पुढे सहा-सात महिन्यांनी मी साहेबांकडे गेले आणि म्हणाले की दुरुस्ती छापा, रंग मी बदलला, मास्तरांनी नाही. तेव्हाही ते मला 'बसा' म्हणाले. चहा सांगितला. जुनी गोष्ट उकरून कुणाचं भलं होणार, असं मायेनं विचारलं. छापलं नाही. मी त्या महिन्यात नोकरी सोडली, पण ते धाडस वगैरे नव्हतं. ती वेळ केव्हाच टळून गेली होती.

मधले सहा महिने मात्र मी तिथंच होते. मास्तर यायचे थांबले. साहेब म्हणाले, त्यांना विश्रांती घेऊ दे. कोल्हापुरात छापखान्यांपर्यंत सगळ्यांना कळलं की मास्तरांची नजर गेली. रंगसंगतीपुढे माझं नाव छापून यायला लागलं. पहिल्या महिन्यात मी तो अंक आईला दाखवला. दुसऱ्या महिन्यात मी स्टँडवर जाऊन पंधरा पावलं मागं उभी राहिले आणि मला आमचा अंक शोधावा लागला.

मग एक दिवस जयसिंगपूरच्या ताईंचा फोन आला. सासूबाईंना भिंतीवर फोटो लावायचा होता, पण छापलेला नको म्हणत होत्या. खरा आहे का, असं त्यांनी विचारलं. मी मूळ फोटोची मोठी प्रिंट काढली आणि घेऊन गेले. सासूबाईंनी ती मांडीवर घेतली, पदरानं पुसली. मला राहवलं नाही. तो रंग मी बदलला होता, असं मी ताईंना सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "म्हातारा हितं येऊन हात जोडून गेला माझ्यापुढं. माझा डोळा चुकला म्हणला. मी त्येला किती टाकून बोललो, म्हाईत हाय का तुमास्नी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "डोळ्याचं आप्रेशन करून घेतो म्हणला. त्येला सांगितलासा का हे?"

मी नाही म्हणाले.

"मग हितं काय करतासा?"

जयसिंगपूरहून मी तशीच इचलकरंजीला गेले आणि तिथून कबनूरला. गल्लीत यंत्रमागांची खडखड इतकी होती की पत्ता विचारायलाही ओरडावं लागत होतं. मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. ते दारातल्या लोखंडी खाटेवर बसले होते, समोर त्यांच्या बायकोनं निवडायला भाजी ओतली होती. मला ओळखून त्यांनी मान हलवली. मग एक टोमॅटो उचलून बायकोला विचारलं, "ह्यो पिकलाय न्हवं?" काकूंनी व्हय म्हटलं. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा उचलून पुन्हा तेच विचारलं.

ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्याचं. मास्तर स्वतःच सांगायला लागले. डॉक्टर म्हणाले होते, तसा मोतीबिंदू कच्चा आहे, घाई नाही. पण मास्तरांनीच हट्ट धरला. त्यांनी एक डोळा झाकून समोरची भिंत दाखवली. या डोळ्यानं निळसर पांढरी दिसते. मग दुसरा झाकला. यानं दुधाच्या सायीसारखी. "डॉक्टर म्हणतोय नवा डोळा खरा. मग चाळीस वर्सं मी बघितलं ते काय हुतं? आता कुठलीच चिंधी वळखू येत न्हाई."

मी उभ्यानंच सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय केलं, ढग नव्हते, सगळं. मागांच्या आवाजात मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त खरं झालं.

त्यांनी विचारलं, "किती उजळ केलीस?"

मला आकडे पाठ होते. चेहरा अठरा टक्के, हात बारा.

"म्हंजे तोंड आन हात येगळं." ते स्वतःशीच बोलत होते. "त्या दिशी हॉलमधी मला दोन बायकांचं वाटलं हुतं. तोंड एकीचं, हात एकीचं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे मला दिसलं हुतं."

मी म्हणाले, "हो मास्तर. तुम्हाला बरोबर दिसलं होतं." आणि मग, एवढं सगळं करून वर मलाच राग आला. मी म्हणाले, "तुम्ही जन्मात कुणाचं ऐकलं नाहीत. डॉक्टरचं नाही, साहेबांचं नाही. मग माझंच का ऐकलंत? का नाही ओरडलात?"

ते म्हणाले, "तुला दिसतंय म्हणून. माझ्या मागं तुलाच दिसत हुतं."

हाच तो राग. ज्या माणसानं मला चादरीत गुंडाळून बसवलं, नावानं कधी हाक मारली नाही, त्यानं मनात मला एवढं वर बसवलं होतं आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर मी ते केलं नसतं, असं म्हणून मी सगळा दोष पुन्हा त्यांच्या अंगावर टाकते. रोज टाकते. तो तिथं टिकत नाही.

मग ते ओरडले. पूर्वी ओरडायचे तसे, किंबहुना त्याहून मोठ्यानं. मागांच्या खडखडाटातूनही शेजारची दोन माणसं बाहेर आली. मला, साहेबांना, सराफाला, डॉक्टरला, जे तोंडाला येईल ते बोलले. मी चांगला डोळा कापून दिला की गं, असं परत परत म्हणत होते. मी दुरुस्ती छापून आणते म्हणाले तर त्यांनी खाटेवरून उठून रस्त्याकडे बोट दाखवलं. "जावा आता," म्हणाले. तूवरून ते पुन्हा तुम्हीवर आले होते.

मी निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर मागून काकू घाईघाईनं आल्या. दम लागला होता. मला वाटलं, काही समजुतीचं बोलतील, म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका म्हणतील.

त्या म्हणाल्या, "सा म्हैने माणूस घरात हाय का न्हाई कळत नव्हतं. आज वरडलं. बरं केलासा आलासा ते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पर परत येऊ नका."

मी गेले नाही.